पळस, मोह आणि गोरखचिंच : जुन्या ताम्रचित्रांत माळव्याची वनश्री

माळव्यात फाल्गुन लागला की रानात पळस फुलतो. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळू लागतात आणि भिल्ल वस्तीतील लहानथोर टोपल्या घेऊन ती वेचावयास निघतात. धारहून नालछामार्गे मांडवगडाकडे जाणाऱ्याला गोरखचिंचेचे अजस्र, फुगीर बुंधे उन्हाळ्यात पर्णहीन उभे असलेले दिसतात. संस्थानी काळात माळव्याच्या काळ्या जमिनीत अफूची शेते माघ महिन्यात पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी भरून जात. या चारही वनस्पती धार-देवासच्या माणसाला घरच्या माणसांइतक्या परिचयाच्या. परंतु ज्या चित्रांवरून जगातील विद्वानांनी त्यांना ओळखले, ती चित्रे माळव्यात निघाली नाहीत. पळसाचे चित्र मलबारात आणि नंतर कोरोमंडलच्या किनाऱ्यावर निघाले, मोहाचेही कोरोमंडलवरच. गोरखचिंचेची ओळख कैरो आणि सेनेगल येथून झाली. छपाई झाली ती अ‍ॅमस्टरडॅम, लंडन, व्हेनिस आणि पॅरिस या नगरांत.

देवासच्या दोन्ही पात्यांनी १८१८ साली आणि धारच्या पवारांनी १८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीशी तह केले. त्या तहांवर मुद्रा उमटल्या तेव्हा पळसाचे चित्र युरोपात छापले जाऊन सव्वाशे वर्षे लोटली होती. राज्ये ताब्यात येण्याच्या पुष्कळ आधी येथील झाडेझुडपे युरोपातील ग्रंथांच्या पानांवर जाऊन बसली होती. सागरी व्यापार, औषधांची गरज आणि नव्या प्रदेशांचे कुतूहल या तिन्ही प्रेरणा त्यामागे होत्या. या चित्रांचे सौंदर्य आज सर्वमान्य आहे. त्या सौंदर्यामागे कोणाचे ज्ञान होते, कोणाचा हात होता, आणि झाडाचे स्वतःचे नाव त्या प्रवासात टिकले की नाही, हे प्रश्न मात्र चित्र एकटे पाहून सुटत नाहीत. त्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो.

निघंटूतील शब्द आणि ताम्रपत्रावरील रेषा

वनस्पती ओळखण्याची आपल्याकडील जुनी रीत शब्दाची होती. निघंटूंत एकेका वनस्पतीची अनेक पर्यायनामे दिलेली असतात आणि त्या नावांतच तिचे वर्णन दडलेले असते. पळसाला किंशुक म्हटले ते त्याच्या फुलाचा बाक पोपटाच्या चोचीसारखा म्हणून. त्रिपत्रक म्हटले ते तीन पाने एकत्र येतात म्हणून. वैद्य आपल्या शिष्याला रानात नेऊन झाड दाखवी आणि नावे पाठ करून घेई. भोजराजाच्या धारानगरीत वैद्यकाचा अभ्यास होत होता. ‘राजमार्तंड’ हा वैद्यकग्रंथ भोजाच्याच नावावर आहे. चित्राची परंपराही या प्रदेशाला अगदीच परकी नव्हती. मांडवगडास शादियाबाद असे नाव होते त्या पंधराव्या शतकात तेथील मुहंमद बिन दाऊद शादियाबादी याने ‘मिफ्ताह-उल-फुजला’ हा फारसी शब्दकोश रचला. त्याची मांडवगडी शैलीतील सचित्र प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शब्दाचा अर्थ चित्राने स्पष्ट करावा ही कल्पना माळव्यात तेव्हाच रुजली होती. पण ती प्रत हाताने लिहिलेली व रंगवलेली होती. तिच्यासारखी दुसरी प्रत हवी तर पुन्हा तितकेच श्रम करणे भाग होते.

युरोपात हा प्रश्न छपाईने सोडवला. प्रारंभी लाकडी ठशांवरून चित्रे छापली जात. लाकूड कोरताना रेषा उंच ठेवून भोवतालचा भाग काढून टाकावा लागतो. त्यामुळे पानाच्या शिरा, फुलातील केसर अशा बारीक गोष्टी जाड होतात. तांब्याच्या पत्र्यावर हीच क्रिया उलटी होते. गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा खणतात. सर्व पत्र्यावर शाई चोपडून पृष्ठभाग पुसून घेतला की शाई फक्त खणलेल्या रेषांत उरते. मग ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांच्या दाबयंत्रातून काढला म्हणजे कागद त्या रेषांतील शाई उचलून घेतो. कागदावर पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोन उमटतो. अस्सल ताम्रचित्र ओळखण्याची ती एक खूण मानतात. रंग हवा असेल तर प्रत्येक प्रत हाताने रंगवली जाई.

या पद्धतीत एक अडचण होती. पत्र्यावर जसे कोराल त्याच्या उलट बाजूने चित्र कागदावर येते. कोरणारा सावध नसेल तर उजवीकडून वेढे घेणारी वेल छापताना डावीकडून वेढे घेऊ लागते. वेल कोणत्या दिशेने चढते हे वनस्पतिशास्त्रात जातीची ओळख पटवणारे लक्षण असल्याने ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. मूळ झाड, चित्रकार आणि कोरणारा यांच्यामध्ये हजारो मैलांचा समुद्र असे. कोरणाऱ्याने ते झाड बहुधा जन्मात पाहिलेले नसे.

तांब्यावर कोरून छापण्याचे कसब मराठी मुलखालाही ठाऊक होते. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरण्याचा उद्योग सुरू झाला आणि तो पुढे मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली सिद्धीस गेला, असे मुद्रणेतिहासात नोंदले आहे. माळव्यात परमारांचे दानपत्र तांब्यावर कोरले जाई ते एकच प्रत चिरकाल टिकावी म्हणून. मिरजेत तांबे कोरले गेले ते एका ग्रंथाच्या अनेक प्रती निघाव्यात म्हणून. वनस्पतींची चित्रे मात्र या कारागिरांकडे आली नाहीत. ती परदेशी गेली.

कोचीचा ग्रंथ आणि नागरी अक्षरे

हिंदुस्थानातील वनस्पतींवरील पहिला मोठा मुद्रित ग्रंथ गोव्यात निघाला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे औषधींवरील संवाद १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात चित्रे नव्हती. पुढे एका शतकाने डच कंपनीचा मलबारचा प्रमुख हेंड्रिक व्हान रेड याने जो उद्योग आरंभला त्याने चित्रांचा प्रचंड साठा उभा राहिला. ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारचे उद्यान, हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि त्यांची मोठी ताम्रचित्रे त्यात आहेत. रेड स्वतः शेवटचा खंड पाहू शकला नाही. १६९१ साली कोचीहून सुरतेस जाताना मुंबईच्या किनाऱ्याजवळ जहाजावरच त्याला मृत्यू आला आणि सुरतेला त्याचे दफन झाले.

रेड वैद्य नव्हता, की वनस्पतिज्ञ नव्हता. डच शिपाई आणि खलाशी यांना लागणारी औषधे युरोपातून येत. ती वाटेत खराब होत आणि महागही पडत. त्यांपैकी पुष्कळ औषधी मुळात पूर्वेकडूनच गेलेल्या असत. त्या जागच्या जागी मिळाव्यात हा या उद्योगाचा एक व्यावहारिक हेतू होता. त्यासाठी त्याने स्थानिक जाणकारांचे मंडळ बसवले. त्यात इट्टी अच्युतन हे एळव समाजातील वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोचीत स्थायिक झालेले तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. झाडांवर चढून फुलेफळे आणणारी माणसे, डच चित्रकार, दुभाषे असा मोठा मेळा जमला. वैद्य वनस्पतीचे नाव व गुण सांगत, निघंटूचा आधार देत. ते मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून लॅटिनमध्ये उतरे.

या ग्रंथाचे वेगळेपण त्याच्या पहिल्या खंडाच्या आरंभीच दिसते. तेथे या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ साली दिलेले साक्षपत्र छापलेले आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी. ही अक्षरे खिळ्यांनी जुळवलेली नाहीत. हस्ताक्षर तसेच तांब्यावर कोरून छापले आहे. नागरी अक्षरे युरोपात याआधीही छापली गेली होती. आतानाझिउस किर्खर याच्या चीनविषयक ग्रंथात १६६७ साली ती आली होती. परंतु देशी विद्वानांनी आपल्या नावानिशी, आपल्या भाषेत, आपल्या ज्ञानाची दिलेली साक्ष म्हणून या पानाचे मोल निराळे आहे. इट्टी अच्युतन यांचेही साक्षपत्र त्यांच्या लिपीत तेथे आहे. शिवाय चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेली आढळतात.

या ग्रंथाच्या सहाव्या खंडात, १६८६ साली, पळस आला. त्याचे नाव तेथे ‘प्लासो’ असे आहे. लॅटिन ग्रंथात, डच कारागिराने कोरलेल्या पानावर, मराठी वाचकाच्या ओळखीचे हे नाव जवळजवळ जसेच्या तसे पोहोचले. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली वनस्पतींना द्विपद नावे देण्याची पद्धत रूढ केली तेव्हा हिंदी वनस्पतींसाठी त्याने रेडच्या ग्रंथाचा वारंवार आधार घेतला. कोचीच्या वैद्यांचे ज्ञान अशा रीतीने जागतिक शास्त्राच्या पायात गेले. हे खंड पुढे दुर्मीळ झाले आणि लॅटिनमुळे दुर्बोधही राहिले. के. एस. मणिलाल यांनी त्यासाठी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ साली आणि मलयाळम भाषांतर २००८ साली केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. ज्या भूमीत हे ज्ञान सांगितले गेले, तेथील भाषेत ते परत यावयास सव्वातीनशे वर्षे लागली.

एका झाडाची अनेक नावे

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कंपनीनेही हा मार्ग धरला. विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश शल्यवैद्याने कोरोमंडल किनाऱ्यावर असताना हिंदी चित्रकार पदरी ठेवून वनस्पतींची शेकडो चित्रे काढून घेतली. लंडनला पाठवलेल्या चित्रांतून सर जोसेफ बँक्स यांनी निवड केली आणि १७९५ ते १८२० या काळात ‘प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल’ या तीन खंडांत तीनशे चित्रे प्रसिद्ध झाली. रॉक्सबर्ग १७९३ साली कलकत्त्याच्या कंपनी उद्यानाचे प्रमुख झाले होते.

पहिल्या खंडाचे विषय पाहिले तर माळव्याचे रानच समोर उभे राहते. त्यात पळस आहे, मोह आहे, तेंदू आहे आणि रोहण आहे. किनाऱ्यावरच्या डोंगरांत मिळालेली ही झाडे नर्मदेच्या खोऱ्यातही तितकीच विपुल आहेत. मोहाची फुले अन्न म्हणून आणि मद्यासाठी, तेंदूचे काळे लाकूड, रोहणाची साल तापावरील सिंकोनाच्या सालीला पर्याय म्हणून. प्रत्येक चित्राशेजारी उपयोगाची नोंद आहे. कंपनीचा पैसा या ग्रंथामागे का उभा होता, हे त्या नोंदींवरून उमगते.

पळसाच्या नावाची कथा येथे गुंतागुंतीची होते. रॉक्सबर्ग यांच्या ग्रंथात त्याचे नाव ‘ब्युटिया फ्रोंडोसा’ असे आहे. वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते आणि काही काळ ब्रिटनचे पंतप्रधान असलेले अर्ल ऑफ ब्यूट यांच्या सन्मानार्थ हे कुलनाम पडले. त्याच सुमारास फ्रान्सच्या लामार्कने रेडच्या ‘प्लासो’चा आधार घेऊन त्याला पांगाऱ्याच्या कुलात घातले आणि शेंगेत एकच बी असते म्हणून ‘मोनोस्पर्मा’ हे विशेषण लावले. १८९४ साली दोहोंचा मेळ घालून ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ हे नाव ठरले आणि आजही तेच शास्त्रमान्य आहे. एका नावात लंडनचा उमराव आणि कोचीच्या चित्रातील शेंग अशी दोन्ही एकत्र आली. किंशुक आणि पळस ही नावे मात्र बाहेर राहिली.

याविरुद्ध विचार करणारेही होते. कलकत्त्याचे न्यायाधीश आणि संस्कृतज्ञ सर विल्यम जोन्स यांनी हिंदी वनस्पतींची देशी नावे राखली जावीत असा आग्रह धरला. त्यांच्या निधनानंतर रॉक्सबर्ग यांनी अशोकाला ‘जोनेसिया असोका’ असे नाव दिले. त्यात जोन्स यांचा गौरव झाला आणि अशोक हे नावही टिकले. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात मालविकेच्या पदस्पर्शाने फुलणारा तो हाच अशोक. पुढे कुलनाम बदलले, पण ‘असोका’ राहिले. मोहाच्या बाबतीत तर न्याय अधिक पुरता झाला. रॉक्सबर्ग यांच्या चित्राखाली त्याचे कुलनाम एका इटालियन वनस्पतिज्ञावरून ‘बासिया’ असे होते. आज शास्त्रात चालते ते कुलनाम ‘मधुका’ आहे. संस्कृत मधूक शब्द अखेर आपल्या झाडाकडे परत आला.

ज्यांचे हात, त्यांची नावे

रॉक्सबर्ग यांच्या तीनशे चित्रांपैकी एकाही चित्राचा हिंदी चित्रकार नावाने लोकांसमोर आला नाही. कोरणाऱ्या मॅकेंझीचे नाव ज्ञात आहे, ज्याने झाड समोर ठेवून चित्र काढले त्याचे नाही. नंतरच्या पिढीत थोडा फरक पडला. नाथानिएल वॉलिच यांच्या १८३० ते १८३२ या काळातील मोठ्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचांद या चित्रकारांची नावे आहेत. तोपर्यंत तांब्याच्या जागी शिळाछाप आली होती. मराठी वाचकाला शिळाप्रेसवरील पोथ्या परिचित आहेत. त्याच तंत्राने मद्रासेकडे रॉबर्ट वाइट यांनी १८३८ ते १८५३ या अवधीत सहा खंडांत २१०१ चित्रे प्रसिद्ध केली. त्यांचे चित्रकार रंगय्या आणि गोविंदू. वाइट यांनी एका आमर कुलाला गोविंदूच्या नावावरून ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. हिंदी चित्रकाराला असा मान मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

मराठी राज्यकर्त्यांनीही या कलेला आश्रय दिला होता. तंजावरचे सरफोजी महाराज, ज्यांचा काळ १७९८ ते १८३२ असा आहे, यांनी आपल्या चित्रकारांकडून प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांची चित्रे करवून घेतली. रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना त्यांनी दिलेल्या चित्रांचा संच आज लंडनला आहे. सरफोजींचा ग्रंथसंग्रह सरस्वती महाल ग्रंथालयाच्या रूपाने तंजावरला अद्याप नांदतो.

पुण्याजवळच्या दापोडीची हकिकत तर माळव्याशी जोडलेली आहे. धार-देवासशी तह झाले त्या काळात माळव्याचा कारभार पाहणारे आणि १८२३ साली मध्य हिंदुस्थानावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिणारे सर जॉन माल्कम पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १८२८ साली, दापोडी येथे गव्हर्नरांचे निवासस्थान आणि वनस्पतिउद्यान उभे राहिले. तेथे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज वंशाच्या हिंदी चित्रकाराने दीडशेहून अधिक वनस्पतींची चित्रे काढली. ती कधी कोरली गेली नाहीत, छापलीही गेली नाहीत. एडिंबरोच्या राजोद्यानात ती पडून राहिली आणि एच. जे. नोल्टी यांनी २००२ साली ग्रंथरूपाने प्रकाशात आणली. चित्रकाराचे नाव कागदांत सापडत नाही. ताम्रपत्रावर नाव न येणे ही एक उपेक्षा. छपाईच न होणे ही दुसरी.

अफू आणि गोरखचिंच

माळव्याने जगाला जे पीक सर्वांत अधिक पुरवले, त्या अफूच्या झाडाचे चित्र काढण्यासाठी कोणाला माळव्यात येण्याची गरज भासली नाही. खसखशीचे झाड युरोपातील बागांत शतकानुशतके होते आणि जुन्या वनस्पतिग्रंथांत त्याची चित्रे होतीच. जर्मनीत १८८७ पासून निघालेल्या क्योलर यांच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातील त्याचे रंगीत शिळाछाप चित्र आजही सर्वत्र पाहावयास मिळते. फूल, बोंड, बोंडाचा छेद, बी. सर्व अवयव त्यात निर्दोष आहेत. पण बोंडाला चीर देऊन दुसऱ्या दिवशी पहाटे चीक खरवडणारी माणसे त्यात नाहीत. माळव्याची अफू संस्थानी मुलखातून मुंबईमार्गे चीनला जाई आणि कंपनी १८३१ पासून तिच्यावर परवान्याची जकात घेई, हेही त्यात नाही. कॅप्टन वॉल्टर शेरविल याने १८५१ साली अफूच्या कारखान्याची चित्रे प्रसिद्ध केली ती पाटण्याची. वनस्पतीचे चित्र जितके शुद्ध, तितके ते इतिहासापासून दूर ठेवलेले असते, हे या एका उदाहरणावरून कळते.

गोरखचिंचेची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्या बाबतीत चित्रांना जे सांगता आले नाही ते बियांनी सांगितले. प्रोस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्याने कैरोत मिळणाऱ्या तिच्या फळाची माहिती १५९२ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दिली. ‘बाओबाब’ हे नाव युरोपात तेव्हापासून रूढ झाले. मिशेल आदांसाँ हा फ्रेंच निसर्गज्ञ १७४९ ते १७५४ या काळात सेनेगलला राहिला. तेथे जुन्या दर्यावर्दींनी बुंध्यांवर कोरलेली नावे पाहून त्याने झाडाच्या वयाचा हिशेब मांडला आणि तो पाच हजार वर्षांच्या घरात नेला. आधुनिक मापनाने हा आकडा पुष्कळ खाली आला आहे. लिनिअसने १७५९ साली त्याच्यावरून ‘अ‍ॅडान्सोनिया डिजिटाटा’ हे नाव ठेवले. आदांसाँचा सचित्र निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७६१ च्या वृत्तांतात आला.

या कोणत्याही चित्रात मांडवगड नाही. तेथील लोक या झाडाला खुरासानी इमली किंवा मांडवची इमली म्हणतात आणि ते सुलतानांच्या काळात परदेशातून भेट म्हणून आले असे मानतात. पाश्चात्त्य लेखनात ते पुष्कळदा अरब व्यापाऱ्यांच्या पदरी घातले जाई. २०१५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थानातील गोरखचिंचांचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम व मध्य हिंदुस्थानातील झाडे एका वेगळ्या गटात पडली. त्यांचे सर्वांत जवळचे नाते मोंबासा ते दार-एस-सलाम या आफ्रिकी किनाऱ्याशी दिसले. दक्षिण-पूर्व हिंदुस्थानातील झाडे मात्र पश्चिम आफ्रिकेतून, युरोपीय वसाहतींच्या मार्गाने आली असावीत. म्हणजे हे बी एकदाच नव्हे, निरनिराळ्या काळी अनेक वाटांनी आले आणि त्याचा आरंभ समजला जात होता त्याहून जुना आहे. युरोपाने या झाडाला आपल्या संशोधकाचे नाव देण्यापूर्वी कितीतरी आधी पूर्व आफ्रिका आणि पश्चिम हिंदुस्थान यांच्यामधील दर्यावर्दी, व्यापारी आणि हबशी माणसे ते बी वाहून आणीत होती. त्यांची नावे कोणी कोरली नाहीत; झाडे उभी आहेत.

कीर्तिकरांचा ग्रंथ

कोचीच्या साक्षपत्राने जे सूत्र सुरू झाले त्याचे दुसरे टोक मुंबईच्या एका मराठी विद्वानाच्या हाती आढळते. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे पेशाने डॉक्टर, वृत्तीने वनस्पतिज्ञ आणि मराठी साहित्याचे उपासक. १९०९ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुंबईच्या विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात सचित्र लेखमाला लिहिली. हिंदी औषधी वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकला नाही. १९१७ साली त्यांचे निधन झाले आणि सहकारी मेजर बामनदास बसू यांनी १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयातून तो बाहेर काढला. हजाराहून अधिक चित्रे असलेल्या या ग्रंथात रॉक्सबर्ग, वाइट आदींच्या चित्रांचा वारसा पुढे आला. पुढे १९३३ ते १९३५ या काळात निघालेल्या सुधारित आवृत्तीच्या संपादकांत डॉ. कृ. श्री. म्हसकर हे मराठी संशोधकही होते.

या ग्रंथाचे महत्त्व चित्रांच्या संख्येत नाही. प्रत्येक वनस्पतीखाली संस्कृत, मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली, तामिळ अशा देशी भाषांतील नावे ओळीने दिली आहेत. लंडनच्या पानावर ‘ब्युटिया’ होऊन राहिलेला वृक्ष येथे पुन्हा पळस आणि पलाश झाला. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी चित्राशेजारी नागरी नाव कोरवून घेतले होते. कीर्तिकरांनी अडीचशे वर्षांनंतर चित्राला नाव परत दिले.

पान आणि ग्रंथ

जुन्या ताम्रचित्रांना आता मोठी किंमत येते. पंचतारांकित उपाहारगृहांच्या आणि बैठकीच्या खोल्यांच्या भिंतींवर ती चौकटीत शोभतात. एक अखंड ग्रंथ विकण्यापेक्षा त्याची चित्रे सुटी करून विकली तर पैसा अधिक मिळतो. म्हणून जगभर जुने खंड फाडून पाने विकण्याचा व्यापार चालत आला आहे. चित्र वाचते, ग्रंथ मरतो. सुट्या पानावर पळसाचे फूल आणि खाली एक लॅटिन नाव एवढेच उरते. ते कोठे मिळाले, कोणत्या वैद्याने त्याचा गुण सांगितला, कोणत्या भाषेत त्याला काय म्हणतात, हा सर्व मजकूर मागे राहतो आणि बहुधा कचऱ्यात जातो. १६७५ चे साक्षपत्र हे चित्र नाही. फाडणाऱ्याच्या दृष्टीने त्या पानाला मोल नाही. आपल्या दृष्टीने ग्रंथातील सर्वांत मोलाचे पान तेच.

अलीकडे अनेक मोठ्या ग्रंथालयांनी आपले जुने वनस्पतिग्रंथ संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. रेडचे खंड आणि रॉक्सबर्ग यांची चित्रे पाहण्यासाठी आता परदेशी जावे लागत नाही. ही सोय मोठी आहे. पण तीही अखंड ग्रंथ कोणीतरी जपून ठेवला म्हणूनच शक्य झाली. धार-देवासच्या मराठी वस्तीत संस्थानी काळापासून जी ग्रंथसंस्कृती रुजली, तिचे काम याच जातीचे आहे. कपाटातील जुना निघंटू, मराठीतील वनौषधींची पुस्तके, संस्थानी काळातील अहवाल, कोणी भेट दिलेला एखादा सचित्र इंग्रजी खंड, यांची पाने एकत्र राहिली तरच चित्राला नाव आणि नावाला झाड भेटते. मांडवगडाच्या वाटेवरील गोरखचिंच आपले वय बुंध्यात सांभाळते. तिला गोरखचिंच का म्हणतात, खुरासानी इमली कोण म्हणते आणि ‘अ‍ॅडान्सोनिया’ कोणी म्हटले, हे सांभाळण्याची जागा ग्रंथालय हीच आहे.